ट्रॅक डेच्या व्हिडिओतून लॅप टाइम अचूक कसा काढायचा?

प्रश्न शिरपूरच्या एका रायडरचा आहे. तो आणि त्याचे दोन मित्र कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला, म्हणजे रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायच्या दिवसाला, जाऊन आले. आयोजकांकडून ट्रान्सपाँडर (लॅपची वेळ आपोआप नोंदवायला गाडीला लावतात ते यंत्र) मिळाले नव्हते. आता एकाच लॅपचे तीन आकडे हातात आहेत. पिटच्या भिंतीपाशी उभ्या मित्राने स्टॉपवॉचवर घेतलेला 1 मिनिट 17.8 सेकंद, खिशातल्या फोनच्या ॲपने दाखवलेला 1 मिनिट 18.4 सेकंद आणि टाकीवर बसवलेल्या गोप्रो कॅमेऱ्याच्या व्हिडिओतून फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, मोजून काढलेला 1 मिनिट 18.07 सेकंद. तो विचारतो, "दादा, यातला खरा कोणता? आणि व्हिडिओतून सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ खरंच काढता येते का?"

येते, भाऊ. तुमच्याकडच्या तिन्हींत व्हिडिओचा आकडाच खऱ्याच्या सर्वांत जवळ आहे. पण तोही सेकंदाच्या पाऊण दशांशाने कमी आलाय. तुमची मोजणी बरोबर होती, भागाकार चुकला. तेवढं दुरुस्त केलं की लॅप 1 मिनिट 18.14 सेकंदाचा निघतो.

तुम्ही पहिल्या वेळी रेघ ओलांडली ती फ्रेम 5512, दुसऱ्या वेळी 10196. मधल्या फ्रेम 4684. त्याला 60 ने भागलं की 78.07 सेकंद येतात, तोच तुमचा आकडा. पण कॅमेऱ्यात '60' लिहिलेलं असलं तरी तो सेकंदाला 60 फ्रेम घेत नाही, 59.94 घेतो. '30' म्हणजे 29.97, '120' म्हणजे 119.88. रंगीत टीव्ही आला तेव्हाची ही अमेरिकन पद्धत आहे आणि अजून ती बहुतेक कॅमेऱ्यांत बसलेली आहे. नेमका हिशेब असा: फ्रेमची संख्या गुणिले 1001, भागिले 60000. 4684 फ्रेमचे 78.14 सेकंद होतात. फरक हजारात एक एवढाच, पण सव्वा मिनिटाच्या लॅपमध्ये तो 0.08 सेकंद होतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटसारख्या 5.125 किलोमीटरच्या ट्रॅकवर दोन-सव्वादोन मिनिटांचा लॅप असेल तर 0.12 च्या पुढे जातो. मित्रामित्रांत ज्या फरकावरून वाद होतात, तो बहुतेक वेळा याहून लहान असतो.

भारतात यातून सुटायचा सोपा रस्ता आहे. गोप्रोच्या सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर (दिव्यांचा लुकलुकाट टाळायची सोय) 50 हर्ट्झवर ठेवा. मग कॅमेरा 25, 50, 100 या पटीत फ्रेम घेतो आणि हे आकडे पूर्ण असतात, दशांशाची भानगड राहत नाही. 50 वर एका फ्रेमचे 20 मिलिसेकंद, 100 वर 10. बॅटरी आणि कार्ड पुरत असेल तर ट्रॅकसाठी मी 1080 वर 100 फ्रेम निवडतो. 4के चित्र दिसायला देखणं असतं, पण वेळ मोजायला पिक्सेलपेक्षा फ्रेम जास्त कामाच्या.

दुसरी गोष्ट जळगाव-धुळ्याकडच्या मुलांना हमखास नडते. फुटेज घेऊन तुम्ही ओळखीच्या एडिटरकडे जाता. तो माणूस वर्षभर लग्नं कापत असतो आणि त्याच्याकडे टाइमलाइन 25 वर लावलेली असते. तुमचं 59.94 चं फुटेज त्यावर टाकलं की सॉफ्टवेअर निम्म्याहून जास्त फ्रेम गुपचूप गाळतं आणि उरलेल्या 25 च्या चौकटीत बसवतं. चित्रात काही खटकत नाही. पण तुमची मोजपट्टी 17 मिलिसेकंदांची होती ती 40 ची झाली. त्यामुळे वेळ नेहमी मूळ फाइलवरच काढायची. रेंडर केलेल्या फाइलवर नाही, यूट्यूबवर चढवलेल्यावर नाही, आणि ग्रुपवर आलेल्या व्हिडिओवर तर अजिबात नाही, कारण व्हॉट्सॲप व्हिडिओ नव्याने दाबून पाठवतं. मित्राकडून मागवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मग फाइल जशीच्या तशी येते.

मोबाइलचं फुटेज असेल तर आणखी जपायला हवं. फोन बहुधा एकसारख्या अंतराने फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला, की दोन फ्रेममधलं अंतर बदलतं. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या फोनचं काय होतं हे भुसावळच्या माणसाला वेगळं सांगायला नको. अशा फाइलमध्ये फ्रेम मोजून भागाकार करणं चुकीचंच ठरतं. पण फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमसोबत तिची वेळ नोंदलेली असते. ती नोंद वाचायची. मीडियाइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये फाइल उघडली की फ्रेम रेट स्थिर आहे की बदलता, हे लगेच दिसतं. एव्हीडेमक्स हाही मोफत आहे. त्यात बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे-मागे जाता येतं आणि खाली त्या फ्रेमची वेळ मिलिसेकंदांपर्यंत दिसते. दोन्ही ओलांडण्यांच्या वेळा वहीत लिहा आणि वजा करा. मी स्थिर फ्रेमच्या फाइललाही हाच मार्ग वापरतो, म्हणजे 1001 चा गुणाकार लक्षात ठेवावा लागत नाही. स्लो मोशनमध्ये घेतलेल्या फाइलवर मात्र हे करू नका. तिथे फाइलमधली वेळच ताणलेली असू शकते, आणि काही फोन मधल्या फ्रेम स्वतःच रचून घालतात.

इथपर्यंतचा भाग कोणीही तासाभरात शिकतो. खरी अचूकता ठरते ती खूण कुठे धरली यावर.

शेताच्या मोजणीला आलेला माणूस आधी न हललेला हद्दीचा दगड शोधतो, साखळी नंतर काढतो. लॅपचंही तसंच आहे. ट्रॅकची अधिकृत स्टार्ट-फिनिश रेघच धरायला हवी असं मुळीच नाही. लॅप म्हणजे एका जागेपासून पुन्हा त्याच जागेपर्यंत, मग ती जागा तुम्ही कुठलीही घ्या. अट एवढीच की प्रत्येक फेरीत ती व्हिडिओत स्वच्छ दिसली पाहिजे आणि ती ओलांडताना तुमचा वेग जास्त आणि स्थिर पाहिजे. वेग का? समजा खूण ओळखण्यात तुमची अर्ध्या मीटरची गफलत झाली. ताशी 180 म्हणजे सेकंदाला 50 मीटर, तिथे अर्धा मीटर म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. तीच गफलत ताशी 54 च्या वळणात झाली तर 0.03 सेकंद जातात. म्हणून हेअरपिनमधली, म्हणजे मागे वळवणाऱ्या अरुंद वळणातली, खूण कितीही ठसठशीत असली तरी घेऊ नका.

सरळ पट्ट्यावरही बाजूचा खांब, जाहिरातीचा फलक, मार्शलची चौकी यांचा मोह होतो, कारण ते लांबून दिसतात. पण कॅमेरा पुढे बघतोय. 'खांब फ्रेमच्या कडेला गेला' तो क्षण म्हणजे खांब तुमच्या शेजारी आल्याचा क्षण नव्हे, तो अजून पुढेच आहे. किती पुढे, हे तुम्ही पट्ट्याच्या डाव्या बाजूने चाललात की उजव्या, यावर ठरतं. समजा खांब समोरच्या दिशेशी 30 अंशात असताना फ्रेमबाहेर जातो. एका लॅपला तुम्ही कोणाला ओव्हरटेक करताना 3 मीटर आत किंवा बाहेर असाल तर हा क्षण 5 मीटर मागेपुढे सरकतो. ताशी 180 ला तो दशांश सेकंद झाला. मोजणी अगदी नेटकी, आणि उत्तर दशांशाने चूक. ही चूक पकडताही येत नाही, कारण आकडा पटण्यासारखा दिसतो.

म्हणून रस्त्यावर आडवी रंगवलेली रेघ सर्वांत चांगली. तुम्ही डावीकडे असा की उजवीकडे, ती पुढच्या चाकाखाली एकाच क्षणी जाते. रेघ नसेल तर डांबराचा आडवा सांधा, जुन्या-नव्या थराची कड, वरून आडवी गेलेली कमान, काहीही चालेल, फक्त ते प्रवासाच्या दिशेशी काटकोनात असू द्या. सावली मात्र घेऊ नका. सकाळच्या उन्हात कमानीची सावली रेघेपेक्षा ठळक दिसते, पण 20 मिनिटांच्या सेशनमध्ये सूर्य 5 अंश सरकतो. 6 मीटर उंचीच्या कमानीची सावली तेवढ्यात मीटरभरही हलू शकते.

ब्रेकिंगच्या जागेतली रेघही टाळा. तिथे पुढचा फोर्क दबतो, टाकीवरचा कॅमेरा खाली झुकतो आणि रेघ फ्रेमच्या खालच्या कडेला पोहोचायची वेळ बदलते. गाडी एकसारखी ओढत असते अशा, पट्ट्याच्या मधल्या भागातली खूण धरा.

कॅमेरा कुठे लावायचा? हेल्मेटच्या हनुवटीवरून दृश्य सुंदर येतं, पण डोकं हलतं. एका लॅपला तुम्ही स्क्रीनमागे वाकलेले असता, दुसऱ्याला अर्धवट उठलेले. टाकीवर किंवा शेपटीवर घट्ट बसवलेला कॅमेरा वेळेसाठी दहापट बरा. स्टॅबिलायझेशन बंद ठेवता आलं तर ठेवा. ते चित्राची चौकट आत सरकवत असतं, त्यामुळे 'फ्रेमची खालची कड' ही जागा दर लॅपला तीच राहत नाही. बंद करायचं राहून गेलं असेल तर फुटेज वाया गेलं असं समजू नका. फ्रेमच्या कडेऐवजी गाडीचाच एखादा भाग धरा: मडगार्डचं टोक, क्लिप-ऑन हँडलचं टोक, विंडस्क्रीनची वरची कड. रेघ त्या भागाला टेकली तो क्षण मोजा. चौकट कशीही सरकली तरी रेघ आणि मडगार्ड एकाच चित्रात असतात, त्यांचं एकमेकांशी नातं बदलत नाही. तुमच्या फुटेजमध्ये मी हेच करेन. गोप्रो टाकीवर आहे, पुढे विंडस्क्रीनची कड दिसते, तीच पुरेशी आहे.

रेघ नेमकी फ्रेमवर सापडत नाही, बहुतेक वेळा दोन फ्रेमच्या मध्ये ओलांडली जाते. एका फ्रेममध्ये ती कडेच्या थोडी अलीकडे, पुढच्यात पलीकडे. ताशी 180 ला 59.94 फ्रेमवर दोन फ्रेममध्ये गाडी 83 सेंटिमीटर पुढे जाते, त्यामुळे हा फरक डोळ्याला स्पष्ट दिसतो. स्क्रीनवर पट्टी लावून अंतर मोजा आणि ओलांडणं फ्रेमच्या कितव्या भागात झालं त्याचा अंदाज घ्या: तिसरा हिस्सा, निम्मा, दोन तृतीयांश. याहून बारीक जाण्यात अर्थ नाही. असं केलं की चूक एका फ्रेमवरून तिसऱ्या हिश्शावर येते. यासाठी रेघ धुरकट नको. कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, 1/60 सेकंद असेल तर त्याच वेगात रेघ दोन फ्रेममधल्या पूर्ण अंतरभर पुसली जाते. 1/1000 ठेवलं तर पुसट भाग 5 सेंटिमीटरचा उरतो. व्हिडिओ मऊ दिसावा म्हणून लेन्सवर उजेड कमी करणारा काळा एनडी फिल्टर लावायची पद्धत आहे, ट्रॅकवर वेळ काढायची असेल तर तो काढून ठेवा.

सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्याने वेळ चुकणार नाही का, असंही मला विचारतात. नाही चुकत. तुम्ही दर वेळी चित्रातली तीच जागा बघताय, दोन्ही टोकांना उशीर सारखाच होतो आणि वजाबाकीत निघून जातो.

लांब सेशनची फाइल गोप्रो तुकड्यांत साठवतो. लॅप सांध्यावर आला तर दोन तुकडे पुन्हा एन्कोड न करता जोडा आणि मग मोजा. तुकड्यांचा क्रम नावावरून लावताना सांभाळा: नावातले शेवटचे चार आकडे सेशनचे असतात, तुकड्याचा क्रमांक त्यांच्या आधी असतो. संगणक नावाप्रमाणे लावतो तेव्हा दोन सेशनचे तुकडे एकमेकांत मिसळतात.

आता तुमचे बाकीचे दोन आकडे. स्टॉपवॉच दाबणारा माणूस गाडी दिसल्यावर उशिरा दाबतो आणि येताना दिसली की आधी दाबतो. ॲथलेटिक्समध्ये हाताने घेतलेल्या 100 मीटरच्या वेळेत 0.24 सेकंद मिळवायची पद्धत याच कारणाने होती. लॅपमध्ये सुरुवात आणि शेवट दोन्ही हाताचे, त्यामुळे चूक कुठल्याही बाजूला पडते. तुमच्याकडे ती 0.34 ने कमी पडली, यात मित्राचा दोष नाही.

फोनचं ॲप जीपीएसवरून साधारण सेकंदाला एकदाच तुमच्या जागेची नोंद घेतं. ताशी 144 ला दोन नोंदींत 40 मीटर अंतर पडतं. मधला भाग ॲप हिशेबाने भरतं, आणि तो हिशेब तसा बरा असतो. खरी गडबड जागेच्या नोंदीत आहे. मोकळ्या आकाशाखालीही फोनची जागा काही मीटर इकडेतिकडे असते, त्यात तो जाड लेदर सूटच्या आत, टाकीवर वाकलेल्या छातीखाली. 10 मीटरची गफलत म्हणजे पाव सेकंद, आणि तुमच्या ॲपचा फरक तेवढाच आहे. वेगळा जीपीएस रिसीव्हर, सेकंदाला 10 किंवा 25 नोंदी घेणारा, शेपटीवर उघड्यावर लावला तर तो व्हिडिओच्या तोडीचा आकडा देतो आणि तुमचे बसून मोजायचे तास वाचवतो. दरवर्षी ट्रॅकवर जाणार असाल तर त्यावर पैसे घाला. गोप्रोतल्या जीपीएसच्या भरवशावर नवा कॅमेरा घेत असाल तर मॉडेल बघून घ्या: हिरो 12 मध्ये जीपीएस नाही, 13 मध्ये पुन्हा दिलाय.

पिटच्या भिंतीवरच्या मित्राला पुढच्या वेळी स्टॉपवॉच देऊ नका, ट्रायपॉड द्या. रेघ जिथे संपते त्याच ओळीत, ट्रॅकबाहेर जिथे उभं राहायची परवानगी असेल तिथे फोन लावायचा. स्क्रीनवर रेघ उभी, सरळ दिसली पाहिजे. तिरकी दिसली तर मघाच्या खांबाचीच चूक होते. रेकॉर्डिंग पूर्ण सेशन चालू ठेवायचं, मध्ये थांबवायचं नाही, झूम हलवायचा नाही. एका फाइलमध्ये तिघांचेही सगळे लॅप मिळतात आणि टाकीवरच्या कॅमेऱ्याशी ताडूनही पाहता येतात. दोन्ही व्हिडिओ आवाजावरून जुळवायचे असतील तर अंतराचा उशीर धरा. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, 34 मीटरवरचा आवाज दशांश सेकंद उशिरा पोहोचतो.

शंभरावा भाग किती खरा, याचं उत्तर असं. 59.94 फ्रेम, चांगली रेघ आणि फ्रेमच्या मधला अंदाज, एवढं जुळलं तर एका लॅपची वेळ 0.01 सेकंदाच्या आत-बाहेर बरोबर येते. फ्रेमचा अंदाज घेतला नाही तर जास्तीत जास्त 0.02. म्हणून लिहिताना दोन दशांश लिहा. संगणक 78.145 दाखवतो म्हणून तिसरा आकडा वहीत उतरवू नका, तो तुमच्याकडे नाहीच. 30 फ्रेमच्या व्हिडिओत तुमचा लॅप मित्रापेक्षा 0.03 ने कमी आला तर ती बरोबरी समजा, पैज जिंकली असं नाही. सलग लॅपच्या सरासरीत मात्र चूक झपाट्याने घटते. सहा लॅपची सरासरी काढताना फक्त पहिलं आणि शेवटचं ओलांडणं मोजलं जातं, मधली एकमेकांत कटतात, म्हणजे एका फ्रेमची चूक सहात वाटली जाते. टायर बदलून किंवा प्रेशर कमी-जास्त करून फरक पडला का हे बघायचं असेल तर एका वेगवान लॅपवर जाऊ नका, सलग स्वच्छ लॅपची सरासरी धरा.

एकदा पूर्ण लॅप नीट निघाला की त्याचे तुकडे करा, कारण शिकायला मिळतं ते तिथे. 1 मिनिट 18.14 आणि 1 मिनिट 17.60 हे दोन आकडे तुम्हाला काही शिकवत नाहीत. करीचा ट्रॅक 2.1 किलोमीटरचा आहे, त्यावर चार खुणा पुरतात: दोन सरळ भागांवर, दोन वळणातून बाहेर पडल्यावर. दोन्ही लॅप शेजारी शेजारी लावा, रेघेवर एकत्र सोडा आणि प्रत्येक खुणेला थांबवा. बहुतेक नव्या रायडरांचा वेळ ब्रेक उशिरा लावून कमी होत नाही, वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल आधी उघडल्याने होतो, आणि त्याचा फायदा पुढचा पूर्ण पट्टा संपेपर्यंत साठत जातो. व्हिडिओत हे दिसतं: वळणाच्या खुणेला फरक 0.05, पट्ट्याच्या टोकाला 0.3. तुकडा जितका लहान तितकी फ्रेमची चूक मोठी वाटते, म्हणून 5 सेकंदांपेक्षा लहान तुकडे करू नका.

कोइम्बतूरला पुन्हा जायच्या आधी हे सगळं घरी तपासून घ्या. आधी कॅमेऱ्यासमोर मिलिसेकंद दाखवणारं स्टॉपवॉच चालू ठेवून 10 मिनिटं रेकॉर्ड करा. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमवरचा फरक तुमच्या पद्धतीने काढलेल्या वेळेशी जुळला पाहिजे. 0.6 सेकंदाची तफावत आली तर कुठेतरी 59.94 चे 60 झालेत. ते जुळलं की जिल्हा क्रीडा संकुलाच्या 400 मीटर ट्रॅकवर परवानगी घेऊन सायकलवर जा. सुरत-नागपूर महामार्गावर किंवा गावाबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर मोटरसायकलने हा प्रयोग करू नका, कृपा करून. सायकलच्या हँडलला कॅमेरा बांधा, दुसरा फोन ट्रायपॉडवर रेघेच्या ओळीत लावा आणि पाच फेऱ्या मारा. ताशी 30 ला एक फेरी 48 सेकंदांची होते. त्या वेगात रेघ चाकाखाली जाताना दोन फ्रेममध्ये फक्त 14 सेंटिमीटर सरकते, त्यामुळे फ्रेमच्या मधला अंदाज घ्यायला हात चांगला बसतो. दोन्ही कॅमेऱ्यांच्या पाचही वेळा एकेका फ्रेमच्या आत जुळल्या पाहिजेत. जुळत नसतील तर आधी ट्रायपॉडची जागा बघा. फोनच्या स्क्रीनवर रेघ जराशी तिरकी असणार.